नगाऱ्यामागचा नवरदेव

बँकेत मागच्या तारखेची नोंद करायची मुभा नसते. तशी नोंद करणारा कारकून पुढच्या तारखेला कुठे असेल, हे सांगता येत नाही. लेखनात मात्र ही अडचण नाही. म्हणून रविवार, दि. ९ डिसेंबर १८३२ रोजी पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयाच्या सभागृहात झालेल्या एका जलशाचं परीक्षण मी आज लिहायला घेतलं आहे. एकशे नव्वदहून जास्त वर्षं उशीर झाला, हे खरं. पण आपल्याकडेसुद्धा नाटकाचं परीक्षण छापून येतं तेव्हा मंडळींनी नेपथ्य विकून टाकलेलंच असतं.

दुसरा आक्षेप असा येईल की, गृहस्था, तू त्या जलशाला हजर तरी होतास का? नव्हतो. पण त्यालाही माझ्याजवळ दाखला आहे, आणि तो ऐऱ्यागैऱ्याचा नाही. त्या जलशात वाजलेल्या सिंफनीवर रॉबर्ट शुमान या थोर जर्मन संगीतकाराने १८३५ साली स्वतःच्या नियतकालिकात लांबलचक परीक्षण लिहिलं. ऑर्केस्ट्रावर ती सिंफनी त्याने ऐकलेलीच नव्हती. फ्रान्झ लिस्टने ती एकट्या पियानोसाठी उतरवून, पदरमोड करून छापली होती. त्या छापील कागदांवरून शुमानने सगळा निवाडा केला. म्हणजे पंगतीचं वर्णन आचाऱ्याच्या यादीवरून! आणि आजही ते परीक्षण आदराने वाचलं जातं. मी निदान ती ऑर्केस्ट्रावर वाजलेली ऐकली आहे. कानात बोंडं घालून, डोंबिवलीहून, उभ्याने. सिंफनी सुमारे पंचावन्न मिनिटांची आहे. जलद लोकल वेळेवर असली तर शेवटचा घंटानाद भायखळ्याला होतो. नसली तर कुर्ल्याच्या अलीकडेच सगळं आटोपतं आणि पुढे नुसतं कुर्ला ऐकावं लागतं.

ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्यापुढे गणेशोत्सवातला मांडव, चमकीचा कोट घातलेला निवेदक आणि 'आवाज कुणाचा'वाली पुढची रांग उभी राहते. हा तो नव्हे. इथे शंभराच्या आसपास माणसं काळे कपडे घालून, समोर कागद ठेवून, एका माणसाच्या हातातल्या काडीकडे बघत वाजवतात. कुणी मध्येच 'वा' म्हणत नाही. खोकायचंसुद्धा दोन भागांच्या मधल्या वेळात. आमच्या शाखेत तपासनीस येतात तेव्हा असंच वातावरण असतं.

आता ज्याचा हा जलसा, त्या इसमाची ओळख. नाव हेक्टर बर्लिओझ. (फ्रेंच लोक त्याला एक्तोर म्हणतात, कारण एखादं अक्षर लिहून ते न उच्चारण्यात त्यांना आनंद वाटतो.) नाव हेक्टर, पण त्या वयात स्वतःच्या नावावर एक गुंठासुद्धा नव्हता. बाप डॉक्टर, मुलाला त्याने डॉक्टर व्हायला पॅरिसला धाडलं. चिरंजीवांनी शवविच्छेदनाची खोली पाहिली आणि खिडकीतून उडी मारून जे पळाले ते थेट संगीतात. पियानो यायचा नाही. यायची गिटार आणि बासरी. नुसती गिटार येणाऱ्या माणसाने शंभर वाद्यांसाठी लिहावं, हे आमच्याकडे पेटी न येणाऱ्याने संगीत नाटकाला चाली लावण्यासारखंच. पण पियानो न येणं हेच त्याच्या पथ्यावर पडलं असं माझं मत आहे. बाकीचे लोक आधी पियानोवर रचायचे आणि मग वाद्यांना वाटून द्यायचे, जसा बोनस वाटतात. हा मुळात वाद्यातच विचार करायचा.

११ सप्टेंबर १८२७ रोजी हा तेवीस वर्षांचा तरुण ओदेऑन नाट्यगृहात एका इंग्रजी मंडळीचा 'हॅम्लेट' बघायला गेला. ऑफिलियाचं काम करत होती हॅरिएट स्मिथसन, मूळची आयर्लंडची. बर्लिओझला इंग्रजी येत नव्हतं. तिला फ्रेंच येत नव्हतं. त्याने तिला पाहिलं आणि तो संपला. तिने त्याला पाहिलंच नाही, कारण एवढ्या अंधारात प्रेक्षागृहातला कोण कुठला तरुण संपतो आहे हे रंगमंचावरून दिसत नाही.

मग पत्रं. ती इतकी आली की तिने आपल्या बाईला यापुढे या गृहस्थाची पत्रं घेऊ नकोस म्हणून बजावलं. मग १८२८च्या मे महिन्यात त्याने स्वतःच्या रचनांचा एक जलसा केला, हेतू हा की तिच्या कानावर आपलं नाव जावं. गेलं नाही. मंडळी आपल्या गावी परत गेली. पुढे तिच्याबद्दल कुणीतरी उडवलेल्या कंड्या याच्या कानावर आल्या. त्या खोट्या होत्या, पण याने त्या पक्क्या मानल्या आणि १८३०च्या सुरुवातीच्या तीन-चार महिन्यांत ही सिंफनी लिहून काढली. प्रेमात पडलेला माणूस कविता करतो, हे आपण जाणतो; ती वहीत राहते आणि पुढे रद्दीत जाते. याने चार हार्प, चार बसून (हे वाद्याचं नाव आहे, वाजवतातही बसूनच), दोन मोठ्या घंटा आणि नगारे अशी मागणी नोंदवली. त्याच मे महिन्यात जलसा ठरला. तालमीला शंभराहून जास्त वादक हजर झाले आणि मग लक्षात आलं की नाट्यगृहात एवढ्यांना पुरतील इतक्या खुर्च्याही नाहीत आणि कागद ठेवायच्या घोड्याही नाहीत. जलसा रद्द. जगातली एक अजरामर कृती सहा-सात महिने अडली ती खुर्च्यांपायी, हे वाचून मला त्या शहराविषयी आपुलकी वाटली. शेवटी ५ डिसेंबर १८३० रोजी ती त्याच संगीत विद्यालयात पहिल्यांदा वाजली.

कृतीचं नाव 'सिंफनी फँटास्टिक'. ही आत्मस्तुती नव्हे; फँटास्टिक म्हणजे इथे झकास नव्हे, तर भ्रमातली, कल्पनेतली. त्याआधी सिंफनीला सहसा नंबर असायचा, आमच्या खात्यांना असतो तसा. बेथोव्हेनने १८०८ साली आपल्या सहाव्या सिंफनीच्या पाच भागांना ओढा, गावकरी, वादळ अशी नावं दिली होती. पण त्याने नावांवरच थांबवलं. बर्लिओझने गोष्ट लिहिली, ती छापली आणि दारात प्रेक्षकांच्या हातात ठेवली. गोष्ट अशी: एका कलावंताला एक स्त्री दिसते. ती जेव्हा जेव्हा मनात येते तेव्हा एकच धून वाजते. या धुनेला त्याने नाव दिलं 'इदे फिक्स', म्हणजे डोक्यात रुतून बसलेली कल्पना. आमच्याकडे ज्याला फिक्स म्हणतात ते निदान मुदत संपली की मोकळं होतं.

पहिला भाग स्वप्नं आणि आवेग. बराच वेळ नुसते उसासे चालतात, आणि मग व्हायोलिन आणि बासरी मिळून ती धून धरतात. ती लांब आहे, सरळ चालत नाही. चढते, थबकते, पुन्हा अर्ध्या पायरीने चढते. खालून चेलो आणि डबल बेस मध्येच छातीत धडधडल्यासारखे ठोके देतात. आपल्या कानाला ही धून लगेच पकडता येते, कारण ती खरोखर एक सूर, एक ओळ आहे. बाकी पाश्चात्त्य संगीत ऐकताना मला चार माणसं एकदम बोलताहेत असं वाटतं. इथे एक माणूस बोलतो आणि बाकीचे अस्वस्थ होतात. दुसरा भाग नाचाचा. हार्प झुळझुळतात, वॉल्ट्झ घुमतो आणि गर्दीत तीच धून पुन्हा दिसते. भाग सुरेख आहे आणि छोटा आहे. लग्नात जिलेबी असते तसा.

चौथा भाग म्हणजे वधस्थानाकडची मिरवणूक. कलावंताने अफू घेतली आहे, पण मात्रा मरायला कमी आणि स्वप्न पडायला पुरेशी. स्वप्नात तो प्रेयसीचा खून करतो आणि त्याला शिक्षेसाठी नेतात. नगारे, पितळी वाद्यं, गर्दी. शेवटी एकट्या क्लॅरिनेटवर ती धून सुरू होते आणि पहिली ओळ पुरी व्हायच्या आत सबंध ऑर्केस्ट्रा एका घावात सुरी खाली आणतो. मग तारांवर दोन टिचक्या: मुंडकं टोपलीत. आणि लगेच लोकांचा जल्लोष! हा भाग एका रात्रीत लिहिला असं बर्लिओझ सांगतो. सांगायचं राहिलं ते एवढंच की मिरवणूक मूळ त्याच्या एका अपुऱ्या ऑपेरातली होती. ती बाहेर काढून शेवटी धून जोडली. जुनी रक्कम नव्या खात्यात वळवायला एक रात्रसुद्धा जास्तच झाली.

त्याहून गंमत म्हणजे खुद्द ती धून. 'ती मनात आली की वाजते' म्हणतात तीच. ती त्याने १८२८ साली एका परीक्षेसाठी लिहिलेल्या 'एर्मिनी' नावाच्या कँटाटात आधीच वापरली होती, आणि त्या पेपरात त्याला दुसरं बक्षीस मिळालं होतं. प्रेयसीचं म्हणून जे सर्व युरोपला ऐकवलं तो परीक्षेचा पेपर होता. मला यात फसवणूक दिसत नाही. उलट बरं वाटतं. म्हणजे धून आधी होती आणि गोष्ट नंतर आली. लोक गोष्ट ऐकायला जातात आणि धून ऐकून येतात.

पाचव्या भागात कलावंताच्या अंत्यविधीला चेटकिणी जमतात. आणि तिथे ती येते. तीच धून, पण आता चिमुकल्या, चिरक्या क्लॅरिनेटवर, मुरके मारत, लग्नाच्या बँडमधल्या उत्साही क्लॅरिनेटवाल्यासारखी. मग घंटा वाजतात. बसून आणि जाडी पितळी वाद्यं ख्रिस्ती अंत्यविधीतलं शेकडो वर्षं चालत आलेलं गंभीर गीत धरतात आणि चेटकिणी त्यावर धिंगाणा घालतात. एके ठिकाणी व्हायोलिनवाले गज उलटा करून त्याच्या काठीने तारा बडवतात. हाडं वाजल्यासारखा आवाज होतो. १८३० साली! बेथोव्हेनला जाऊन चार वर्षंसुद्धा झाली नव्हती. हे ऐकून बसल्या जागी ताठ न होणारा माणूस मला दाखवावा. मी त्याचं कर्ज बिनजामीन मंजूर करीन.

तिसऱ्या भागाविषयी मी अजून काही बोललो नाही, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेल. त्याचं कारण आमच्या घरात आहे.

तिसरा भाग कुरणातला. संध्याकाळची वेळ, दोन गुराखी. एक वाजवतो इंग्लिश हॉर्न (ते इंग्लिशही नाही आणि हॉर्नही नाही), दुसरा ओबो. ही दोन्ही वाद्यं दुहेरी पत्तीची, म्हणजे आपल्या सनईच्या भावकीतली. ओबोवाला रंगमंचावर नसतो; त्याला पडद्यामागे, लांब बसवतात. हा हाक देतो, तो लांबून ओ देतो. हा पुन्हा, तो पुन्हा. मग सतरा-अठरा मिनिटांच्या या भागात वारा सुटतो, ती धून येते, कलावंताच्या मनात शंका येते, पोटात ढवळतं, शांत होतं. शेवटी पहिला गुराखी पुन्हा हाक देतो. पलीकडून उत्तर येत नाही. लांब कुठेतरी गडगडतं. हा पुन्हा हाक देतो. पुन्हा गडगडतं. आणि संपतं.

एका रविवारी मी हे घरी फोनवर लावलं होतं. सौ. समोर मेथी निवडत बसली होती. ती या असल्या गोष्टींत मत देत नाही. माझ्या छंदांकडे ती पावसाळ्यातल्या ओल्या कपड्यांसारखी बघते, वाळतील तेव्हा वाळतील. भाग संपला तेव्हा तिने मान वर केली.

"अहो, तो पलीकडचा का हो गप्प बसला?"

मी सगळी गोष्ट सांगितली. नटी, पत्रं, कंड्या, अफू, चेटकीण. रंगवून सांगितली. तिने मेथीची जुडी खाली ठेवली.

"आणि ती काय म्हणाली?"

"कोण?"

"ती हो, नटी. तिचं काय म्हणणं होतं?"

"अगं, तिचं म्हणणं कसं असेल? ती सिंफनीत आहे."

"तेच म्हणते मी," सौ. म्हणाली आणि मेथी घेऊन आत गेली.

शुमानपासून आजपर्यंत या कृतीवर पुष्कळ लिहिलं गेलं. शुमानचा आक्षेप होता की गोष्ट छापून वाटायचं कारण नव्हतं. श्रोत्याच्या हाताला धरून चालवणं बरं नव्हे. पण मेथीच्या जुडीपलीकडून आलेला हा मुद्दा मला जास्त खोल वाटतो. पंचावन्न मिनिटं ती एकच धून वाजते. पहिल्या भागात ती देवी आहे, दुसऱ्यात पाहुणी, चौथ्यात आठवण, पाचव्यात चेटकीण. पण बोलतो तो सतत तोच. धून तिची म्हणायची, आणि तिला स्वतःचा एक सूर नाही. आणि हे ऐकायला ९ डिसेंबर १८३२ला ती खरोखर येऊन बसली. म्हणून त्या जलशाचं परीक्षण.

झालं असं. १८३०च्या पहिल्या प्रयोगाला हॅरिएट आलीच नव्हती. तोवर बर्लिओझचं दुसरीकडे जमलंही होतं, कामिय मोक नावाच्या पियानोवाल्या मुलीशी. तो शिष्यवृत्तीवर इटलीत गेला आणि इकडे तिने प्लेयेल नावाच्या पियानोच्या कारखानदाराशी लग्न लावलं. पियानोवालीने पियानोच्या कारखानदाराशी लग्न करावं, यात बँकेला तरी काही गैर दिसत नाही. बर्लिओझला दिसलं. तो पिस्तुलं आणि वेषांतरासाठी मोलकरणीचे कपडे घेऊन तिघाजणांचा खून करायला निघाला, आणि वाटेत नीसला समुद्र वगैरे पाहून त्याने तो बेत रद्द केला. १८३२च्या नोव्हेंबरात पॅरिसला परतून त्याने जी खोली घेतली, त्या खोलीत एक-दोन दिवसांपूर्वीपर्यंत हॅरिएट स्मिथसन राहत होती, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. कादंबरीकाराने असं लिहिलं तर संपादक कापतात.

हॅरिएट या वेळी स्वतःची मंडळी घेऊन आली होती. पाच वर्षांपूर्वी ज्या पॅरिसने तिला डोक्यावर घेतलं होतं ते आता फिरकत नव्हतं. शेक्सपिअरची साथ ओसरली होती. गल्ला बसला होता. अशा बाईला एका प्रकाशकाने आणि त्याच्या एका इंग्रज ओळखीच्याने बॉक्सचं तिकीट नेऊन दिलं. ती आली. हातात छापील गोष्ट पडली. बर्लिओझचं नाव दिसलं. आजूबाजूचे लोक आपल्याकडे का बघताहेत, हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला. सगळ्या सभागृहाला ठाऊक होतं. जिच्याविषयी होतं तिला सोडून.

काडी हाती घेऊन उभा होता आबनेक, ज्याने चार वर्षांपूर्वी पॅरिसला बेथोव्हेन ऐकवायला सुरुवात केली तो. मग बर्लिओझ कुठे होता? जर्मन कवी हाइनेने पुढे या प्रसंगाचं वर्णन लिहिलं आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे एक दाट जंगलासारख्या केसांचा तरुण ऑर्केस्ट्राच्या मागे नगारे वाजवत होता, आणि बॉक्समधल्या त्या बाईकडे टक लावून होता. आणि तिची नजर त्याच्याकडे गेली की तो नगाऱ्यावर पिसाळल्यासारखा घाव घालायचा. आमच्याकडे मुलगी बघायला जातात तेव्हा मुलगा खाली मान घालून पोहे खातो. दोन्ही पद्धती मी मनात शेजारी ठेवून पाहिल्या. पोह्यांत निदान मुलीला विचारतात तरी, गाणं येतं का म्हणून.

मध्यंतरानंतर सिंफनीचा पुढचा भाग होता, 'जीवनाकडे परत' अशा अर्थाच्या नावाचा. हाच पुढे 'लेलिओ' झाला. यात बोकाज नावाचा नट कलावंत बनून भाषणं करतो. एका भाषणात बेथोव्हेनच्या कृती 'दुरुस्त' करणाऱ्या शहाण्यांना हाणलं आहे, आणि त्यातला एक, फेतिस नावाचा समीक्षक, सज्जात बसलेला होता. समीक्षकाला तिकीट देऊन बोलवायचं आणि रंगमंचावरून हाणायचं, हा प्रकार मी समीक्षक म्हणून नापसंत करतो. मग भाषणात कलावंत आपल्या ज्युलिएटसाठी, ऑफिलियासाठी तळमळला, आणि बॉक्समध्ये बसलेल्या ऑफिलियाला उरलासुरला खुलासा झाला.

परीक्षक म्हणून माझा मुद्दा इथे आहे. संगीताचा इतका धीट जलसा क्वचित झाला असेल. वाद्यांकडून याआधी कुणी असं काम करून घेतलं नव्हतं. आणि तरी त्या सभागृहात एका जिवंत माणसाला शेकडो लोकांपुढे बसवून सांगण्यात आलं की, बाई, हे तुमचं प्रेमपत्र, आणि शेवटच्या पानावर तुम्ही चेटकीण आहात. तिने काय करावं? उठून जाणं शक्य नव्हतं. टाळ्या वाजवणं विचित्र. तिचं फ्रेंच बेताचं, त्याचं इंग्रजी बेताचं. दोघांना समजेल अशी एकच भाषा त्या खोलीत होती, आणि ती वाजवायचा अधिकार एकट्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी दोघं भेटली. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये गाडीतून उतरताना तिचा पाय मोडला. त्याच्या घरच्यांचा विरोध कायदेशीर नोटिशीपर्यंत गेला. ऑगस्टमध्ये त्याने तिच्यासमोर खरोखर अफू घेतली आणि मग उलटीचं औषधही. तीन वर्षांपूर्वी लिहिलेल्या कार्यक्रमपत्रिकेची ही अंमलबजावणी वाचताना मला हसू आलं नाही. ३ ऑक्टोबर १८३३ रोजी इंग्रजांच्या वकिलातीत लग्न झालं. लिस्ट साक्षीदार. वधूकडे त्या दिवशी कर्जाशिवाय काही नव्हतं आणि वराकडे मित्राकडून उसने घेतलेले तीनशे फ्रँक. आमच्या शाखेत हा अर्ज आला असता तर साहेबांनी तो हातात न घेता नुसता लांबून पाहिला असता.

तिच्या कर्जासाठी त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला मदतीचा जलसा ठेवला. शेवटचा आयटम होता हीच सिंफनी. कार्यक्रम लांबला, बारा वाजले, आणि वादक वाद्यं आवरून निघून गेले. बारानंतर वाजवणं त्यांच्या करारात बसत नव्हतं. या बाबतीत माझी सहानुभूती पूर्णपणे कर्मचाऱ्यांच्या बाजूला आहे. पण त्याच रात्री आधी हॅरिएटने ऑफिलियाचा प्रवेश केला होता. मोडलेल्या पायामुळे तिला गुडघ्यावरून आधाराशिवाय उठता येईना. टाळ्या बेताच्या पडल्या, आणि दुसऱ्या एका फ्रेंच नटीला मात्र प्रेक्षकांनी पुन्हा पुन्हा बाहेर बोलावलं. त्या रात्री सिंफनी न वाजल्याचं दुःख बर्लिओझच्या चरित्रकारांना फार आहे. मला त्या प्रवेशाचं जास्त वाटतं. तिची स्वतःची म्हणून जी एक गोष्ट होती, ती तिथे संपली.

पुढचं थोडक्यात. एक मुलगा झाला. तिला काम मिळेना. ती पिऊ लागली, संशय घेऊ लागली, आणि संशयाला जागाही होती. दहा-अकरा वर्षांनी दोघं वेगळी राहू लागली. शेवटची काही वर्षं ती अर्धांगाने अंथरुणाला खिळून होती. बोलणंही कठीण झालं होतं. तो पैसे पाठवत राहिला, भेटायला येत राहिला, हे त्याच्या खात्यावर जमा धरलंच पाहिजे. १८५४च्या मार्चमध्ये ती वारली. तेव्हा लिस्टने सांत्वनाचं पत्र लिहिलं, त्याचा मथितार्थ असा की, तिने तुला स्फूर्ती दिली, तू तिला गाण्यात आणलंस, तिचं काम झालं. बर्लिओझने ते आपल्या आठवणींत मोठ्या जिव्हाळ्याने नमूद केलं आहे. लिस्ट मोठा माणूस. स्वतः खर्च करून मित्राची सिंफनी छापणारा. पण हे वाक्य मी पत्नीला वाचून दाखवायचं धाडस केलेलं नाही. आमच्याकडे निवृत्त होणाऱ्या शिपायालासुद्धा निदान शाल आणि नारळ देतात.

आता कृतीविषयी शेवटचं. १८३०च्या पहिल्या प्रयोगात नाच, मिरवणूक आणि चेटकिणी यांनी सभागृह उचललं. मिरवणुकीने सर्वांत जास्त. तिसऱ्या भागाचा मात्र काहीच परिणाम झाला नाही, हे बर्लिओझने स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि तो त्याने मग पुन्हा नीट लिहिला. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्याला बाकीचं बरंच माफ करायला तयार आहे. बाकीचे चार भाग तो काय वाटलं ते सांगतो. हा एकच भाग आहे ज्यात तो हाक मारून गप्प बसतो आणि ऐकतो. समोरच्याला आपलं म्हणून एक गप्प बसणं असू शकतं, हे या भागाला ठाऊक आहे. गडगडाट लिहिला आहे चार नगारेवाल्यांसाठी, अगदी हलक्या हाताने वाजवायचा. बॉक्समधली बाई आणि मागे नगाऱ्यांपाशी उभा असलेला तो, दोघंही त्या रविवारी तो ऐकत होते.

ज्यांना ही सिंफनी ऐकायची आहे त्यांना एक व्यावहारिक सूचना. पहिल्यांदा ऐकणारे मिरवणुकीपासून सुरुवात करतात, करू नका. सतरा-अठरा मिनिटं बाजूला ठेवून कुरणातला भाग आधी ऐका, शक्यतो गाडीत नको. शेवटी शेवटी आवाज फार बारीक होतो आणि पलीकडून ओबो वाजेनासा होतो. त्या वेळी फोनची चार्जिंग बघू नये, बोंडं काढून फुंकर मारू नये. काही बिघडलेलं नसतं.